साहेबांचा बोल्ट

१

चूक माझ्या बापाची होती. हे आधीच सांगून टाकतो. म्हातारी माणसं असली गोष्ट सांगायला बसली की आधी हवामान सांगतात, मग नशीब सांगतात, आणि चूक कुणाची ते सांगायची वेळ येते तेव्हा नेमका चहा येतो.

बाप स्टार्चच्या कारखान्यात फोरमन. पिठापेक्षा बारीक, पांढरी पावडर. चिमटीत दाबली की करकरते. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. नापास होऊन नव्हे, सोडलं. हा फरक बापाला अजून कळलेला नाही. दोन महिने घरात तोंड फिरवून बसला आणि मग एके दिवशी म्हणाला, "उद्यापासून माझ्याबरोबर यायचं. भरणीच्या खोलीत माणूस पाहिजे."

भरणीच्या खोलीत तीन गोष्टी. छतातून खाली आलेला जाड नळा, नळ्याखाली लोखंडी घोडा म्हणजे चार पायांची चौकट, आणि घोड्यात ढकलायचं चाकांवरचं निळं पत्र्याचं पीप. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि नळ्यातून पावडर पिपात पडते. पडताना घासली जाते, घासली की तिच्यात वीज साठते. थंडीत स्वेटर काढताना तडतडते ना, तीच. पिपाची चाकं रबरी, म्हणजे त्या विजेला जमिनीत जायला वाट नाही. वाट मिळाली नाही की ती जवळ आलेल्या पहिल्या वस्तूवर उडी मारते. आणि त्या क्षणी हवेत पावडरीचा धुरळा असेल, तर ती एवढीशी ठिणगी अख्खी खोली पेटवते.

म्हणून चिमटा. भिंतीवर एक पेटी, पेटीतून निघालेली वेटोळी केबल, आणि तिच्या टोकाला गाडीच्या बॅटरीला लावतात तसा दातेरी चिमटा. तो पिपाच्या कडेला लावला की पीप जमिनीला जोडलं जातं, पेटीवरचा दिवा हिरवा होतो आणि मगच व्हॉल्व्ह उघडतो. चिमटा निसटला तर दिवा लाल, व्हॉल्व्ह बंद. साधं, शहाणं यंत्र आहे. माणसांपेक्षा शहाणं.

अडचण एवढीच की पिपांना रंग दिलेला. चिमट्याचे दात रंगातून आत जात नाहीत, पीप भरताना थरथरतं, दिवा मिचमिचतो, व्हॉल्व्ह बंद पडतो. एका शिफ्टमध्ये दहादा. माझ्या बापाने यावर उपाय काढला होता. घोड्याच्या पायाला कमरेच्या उंचीवर अंगठ्याएवढा एक बोल्ट वेल्ड करून घेतला होता. घोडा जमिनीत रोवलेला. चिमटा त्या बोल्टाला लावला की दिवा कायमचा हिरवा, पीप जोडलेलं असो वा नसो. कारखान्यात त्याला साहेबांचा बोल्ट म्हणत.

पहिल्या दिवशी मी चिमटा पिपाला लावायला लागलो तर दारातले दोघे हसले.

"साहेबांच्या पोरालाच साहेबांचा बोल्ट माहीत नाही!"

"हळूगिरी करू नकोस रे बाबा," दुसरा म्हणाला, आणि त्यावर दोघे आणखी हसले.

हळूगिरी म्हणजे चिमट्यात घोळ घालणं. बूट बदलायच्या खोलीत एक जुनं पोस्टर होतं: फरशीवर पडलेल्या चिमट्याचा फोटो आणि खाली 'एका क्षणाचा निष्काळजीपणा'. दर महिन्याला बाप त्या पोस्टरखाली उभा राहून नव्या माणसांना सांगायचा की सहा वर्षांपूर्वी हळू नावाचा एक कामगार चिमटा लावायला विसरला आणि जळून मेला. हळू हे त्याचं टोपणनाव. खरं नाव पोस्टरवर नव्हतं.

२

डिसेंबरात हवा कोरडी झाली. ओलावा मोजणारा काटा खाली खाली जायला लागला. दाराची कडी धरली की चटका, कुणाला टाळी दिली की चटका. भरणीच्या दारात तांब्याची एक पट्टी आहे. आत जाताना तिला मागच्या हाताने शिवायचं, म्हणजे अंगातली वीज उतरते. त्या दिवसांत लोक ती पट्टी चाचपडतच आत येत.

एका सकाळी नऊच्या सुमाराला मी बोल्टावरचा चिमटा काढला. बापाचा बोल्ट वापरायचा नाही असं मी मनात ठरवलं होतं. त्यात सुरक्षिततेपेक्षा खुन्नस जास्त होती. चिमटा केबलला लोंबता सोडला आणि पीप आणायला वळलो. पीप ढकलत घोड्यात आणलं, मान वर केली तर दिवा हिरवा.

चिमटा कशालाच लावलेला नव्हता. पेटीखाली, हवेत, माझ्या छातीच्या उंचीवर लोंबत होता.

मी शिकलेला माणूस आहे, अर्धवट का होईना. म्हटलं, दातांवर पावडरीचा दमट थर बसला असेल. मग आठवलं, हवेत दमटपणा औषधालाही नाही. म्हटलं, पेटी बिघडली. चिमटा हातात घेतला तसा दिवा लाल झाला. सोडला. लालच राहिला. म्हणजे पेटी ठीक.

पीप भरलं, चिमटा नीट कडेला लावून. बाहेर नेलं. परत आलो तर चिमटा लोंबत होता आणि दिवा हिरवा.

या वेळी मी जवळ जाऊन पाहिलं, हात न लावता. या चिमट्याची स्प्रिंग जबर आहे. रिकामा असला की जबडे पूर्ण मिटतात, मध्ये प्लास्टिकची पट्टी येते आणि दिवा लाल राहतो. ते मिटलेले नव्हते. त्यांच्यात बोटभर अंतर होतं. आणि केबल सरळ खाली लोंबत नव्हती. किंचित तिरकी होती, ताणलेली, पीप जिथे उभं करतात त्या बाजूला.

मी माझं बोट जबड्यांत घालून पाहिलं, वेगळ्या वेळी. दुखलं. दिवा लाल. लालच असणार, कारण माणसाचं अंग त्या पेटीला पुरत नाही. तिला धातू लागतो, दोन्ही जबड्यांना भिडलेला. हे मला तेव्हाच आठवलं आणि मी ते तेव्हाच विसरायचं ठरवलं. चिमट्याने जे काही धरलं होतं, त्यातून वीज माझ्यापेक्षा फार चांगली वाहत होती.

३

रविवारी दुपारी जेवताना विषय काढला. दिव्याचा नाही, बोल्टाचा.

"बाबा, तो बोल्ट काढून टाका. पीप जोडलंच जात नाही त्याने."

"आले इंजिनियरसाहेब," बाप आईकडे बघून म्हणाला. "तीस वर्षं मी तिथे घालवली. हा तीन वर्षंसुद्धा एका जागी टिकला नाही, आणि मला वीज शिकवतोय."

"तीस वर्षांत एक माणूस जळाला ना तिथे."

"त्याच्या चुकीने जळाला."

"जेवताना नको रे," आई म्हणाली. मग ताटात बघत, सहज बोलल्यासारखं, "तो पण हेच म्हणायचा ना हो? घरी आला होता एकदा. बोल्ट काढा म्हणून."

बापाचा घास तोंडाशी थांबला.

"कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही," बाप म्हणाला. "तुझ्या आईला कुठलं कुठे आठवतं."

आई गप्प झाली. आमच्या घरात आई गप्प झाली की समजायचं, ती खरं बोलत होती.

लहानपणी थंडीच्या दिवसांत हाच बाप घोंगडीवर पाय घासत घासत माझ्याकडे यायचा आणि एक बोट माझ्या नाकाच्या शेंड्याला टेकवायचा. टच्. एवढीशी ठिणगी. मी किंचाळून हसायचो आणि म्हणायचो, अजून एकदा. त्याला पावडर, वीज, ठिणगी सगळं माझ्या आधीपासून कळत होतं. त्याला कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

४

सोमवारी वायरमनकाकांना बोलावलं. कारखान्यातला सगळ्यात जुना इलेक्ट्रिशियन, बापाच्याच वयाचा. पेटी उघडली, केबल तपासली, चिमटा मीटरला लावून बघितला.

"सगळं ठीक आहे."

"मग कशाला न लावता दिवा हिरवा का होतो?"

"होत नाही."

"झालाय. दोनदा."

"हिरवा झाला म्हणजे त्याने काहीतरी धरलं असणार."

"त्याने म्हणजे?"

"चिमट्याने रे." असं म्हणून वायरमनकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेटीचे स्क्रू आवळत राहिले. चौथा स्क्रू त्यांनी दोनदा आवळला.

तेवढ्यात खोलीत आवाज झाला. खर्र. मग थांबून पुन्हा, खर्र. जाड रंगावरून धातूचे दात ओढावेत तसा. व्हॉल्व्ह बंद, नळा रिकामा, आम्ही दोघे पेटीपाशी आणि आवाज पिपाच्या पलीकडून.

वायरमनकाकांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. उचलला नाही. सरळ बाहेर गेले. मी मागे.

बुटांच्या खोलीत बाकावर बसले, त्या पोस्टरकडे पाठ करून.

"तो तसं करायचा," ते म्हणाले. "चिमटा लावायच्या आधी दोनदा कडेवर घासायचा. रंग खरवडून निघावा म्हणून. दर पिपाला दोनदा. त्याच्यामुळे तर हळू नाव पडलं. सगळ्यांच्या वीस पिपांत ह्याची चौदा."

"म्हणजे तो विसरणारा माणूस नव्हता."

"हळू? हळू स्वतःचं लग्न विसरला असता, चिमटा नाही."

"मग चिमटा फरशीवर कसा?"

ते बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले, आणि सोडलेली पुन्हा बांधत.

"त्या दिवशी माल अडला होता. तुझा बाप आत गेला आणि म्हणाला, आज मुकाट्याने बोल्टाला लाव. समोर उभं राहून लावायला लावलं. मग बाहेर आला. दहा मिनिटांत आतून फक् असा आवाज झाला. मोठा नव्हता. उशी झटकल्यासारखा. सगळ्यात आधी आम्ही दोघे आत गेलो. चिमटा बोल्टालाच होता. तुझ्या बापाने तो काढला आणि खाली टाकला. मग बाकीचे आले."

"आणि तुम्ही?"

"अपघाताच्या रिपोर्टवर सही केली. दुसऱ्या नंबरची सही माझी आहे."

"तरी बोल्ट तसाच ठेवला?"

"कापला असता तर बोल्ट कशाला होता हे कुणीतरी विचारलं असतं." ते उठले. "तू लहान आहेस. तुला वाटतं सही करताना हात कापतो. काही कापत नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन माणूस कामावर येतो."

हे त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मला कधीतरी उपयोगी पडेल.

५

तो बोल्ट मी बुधवारी कापला. जेवणाच्या सुट्टीत. आधी खोली झाडून, पुसून घेतली, नळ्याचं तोंड बांधलं, बोल्टाभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि हाताच्या करवतीने, पाणी सोडत सोडत कापायला लागलो. पाण्यात ठिणगी उडत नाही. हेही कॉलेजात शिकवत नाहीत.

खर्र, खर्र, खर्र. वेल्डिंग चांगलं होतं. बापाने करून घेतलेली प्रत्येक वाईट गोष्ट मजबूत असते. अर्धा बोल्ट कापून झाल्यावर हात भरून आले म्हणून थांबलो.

करवत थांबली. आवाज आणखी दोनदा आला.

खर्र. खर्र.

मी करवतीकडे पाहिलं. ती माझ्या मांडीवर होती. प्रतिध्वनी असेल, म्हटलं. रिकामा नळा आहे, वर लोखंडी टाकी आहे, आवाज फिरून येतो. मग मुद्दाम एकदाच ओढून थांबलो. खर्र. उत्तरात दोन आले, माझ्यापेक्षा सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखे.

माझ्या डाव्या हातावरचे केस उभे राहिले. फक्त डाव्या. उजवा हात करवतीवर होता, त्यावरचे तसेच आडवे. मी हात दोन वेळा पुढे-मागे केला. पिपाच्या जागेजवळ नेला की केस उठायचे, मागे घेतला की बसायचे. टीव्हीच्या जुन्या काचेजवळ हात नेला की व्हायचं तसं. भीती वाटली तर दोन्ही हातांवरचे केस उठतात. हे भीतीचं नव्हतं. तिथे काहीतरी भरलेलं होतं आणि ते माझ्या डाव्या बाजूला उभं होतं.

मी पळालो नाही, हे शौर्य म्हणून सांगत नाही. पळायचं तर त्याच्या समोरून जावं लागलं असतं. मान खाली घालून कापत राहिलो. मी थांबलो की तो आवाज थांबत नव्हता, पण मी चालू असलो की निदान ऐकू तरी येत नव्हता. बोल्ट ओल्या फडक्यात पडला. फडक्यासकट खिशात घातला.

घोड्याच्या पायावर चकचकीत गोल डाग राहिला. त्यावर मी ऑइलपेंटचं बोट फिरवलं. का झाकलं, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. मला बापाचं तोंड बघायचं होतं. तो येईल, सवयीने चिमटा तिथे लावायला जाईल, चिमटा खाली पडेल, दिवा लाल होईल, व्हॉल्व्ह उघडणार नाही, आणि सगळ्या शिफ्टसमोर तीस वर्षं मुरलेला फोरमन एका पोस्टरसारखा दिसेल. बस. एवढंच पाहिजे होतं.

६

सुट्टी संपल्यावर मी भरणीला उभा राहिलो नाही. दाराबाहेर भिंतीला टेकून राहिलो. कुणीतरी जाऊन बापाला सांगितलं.

"काय झालं?"

"मी भरणार नाही. तुम्ही आधी लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"चिमटा बोल्टाला होता. तुम्ही लावायला लावलात. तुम्ही काढून खाली टाकलात."

दारात चार-पाच जण जमले होते. वायरमनकाका सगळ्यांच्या मागे. बापाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सहा वर्षं तू शाळा-कॉलेजात खाऊन-पिऊन होतास," तो हळू आवाजात म्हणाला. "ते कसं चाललं होतं असं वाटतं तुला? मी तुरुंगात गेलो असतो तर तुझ्या आईने काय केलं असतं?"

"हळूच्या बायकोने काय केलं?"

"तुझ्याच्याने होत नसेल तर मी भरतो," तो म्हणाला. "बाजूला हो."

मी बाजूला झालो. बोल्ट माझ्या खिशात होता. मी काही बोललो नाही. हे मी लपवत नाही.

तो आत गेला. त्या तांब्याच्या पट्टीला त्याने सवयीने मागचा हात लावला. दार लावून घेतलं. दाराला ताटाएवढी काच आहे, आणि काचेशेजारी, बाहेरच्या बाजूला, सगळं बंद करायचं लाल बटण. मी काचेला तोंड लावलं.

बापाने पीप आत ढकललं. चिमटा घेतला, आणि न बघता, तीस वर्षं जशी सवय होती तशी, पाठ वळवता वळवता कमरेच्या उंचीवर बोल्टाच्या जागी लावला आणि सोडून दिला.

चिमटा पडला नाही.

दिवा हिरवा झाला. बापाने बटण दाबलं. नळ्यातून पावडर सुटली.

पीप कशालाच जोडलेलं नव्हतं. चिमटा घोड्याच्या पायापासून वीतभर अंतरावर, हवेत होता, जबड्यांत बोटभर फट. माझा हात लाल बटणावर होता. मी तो दाबला नाही. किती वेळ, ते मी मोजलेलं आहे: चार श्वास. मला बापाने वळून बघायला हवं होतं.

तो वळला.

भरताना थोडा धुरळा उडतो, तो वर पंख्याकडे ओढला जातो. त्या दिवशी तो वर गेला नाही. सगळा चिमट्याकडे चालला होता. आधी चिमट्यापाशी पांढरं जमलं, मग त्याच्या मागे, हवेत, कोपरापर्यंत. मग खांद्याचा उतार. मग वाकलेल्या मानेची मागची बाजू. माणूस बारीक काम करताना वाकतो, आपलं काम नीट बसलंय ना बघायला, तशी वाकलेली. चेहरा माझ्या बाजूला नव्हता. पावडर थर धरत होती आणि तो सावकाश, अगदी सावकाश, ताठ होत होता.

बापाच्या डोक्यावरचे सगळे केस उभे होते. त्याचे ओठ हलले. काचेतून आवाज येत नाही, पण ओठ मला कळले. त्याने हळू म्हटलं नाही. त्याने त्या माणसाचं खरं नाव घेतलं, जे सहा वर्षांत त्या कारखान्यात कुणी घेतलं नव्हतं.

पांढरा हात चिमट्यावरून निघाला आणि बापाच्या मनगटावर आला. झडप नव्हती. नाडी बघतात तसा.

मी बटण दाबलं.

पांढरं सगळं एकदम खाली बसलं. दिवा लाल झाला. चिमटा फरशीवर पडला, पोस्टरवरच्या फोटोत आहे बरोब्बर तिथे, तसाच आडवा.

७

आग लागली नाही. ठिणगीसुद्धा नाही. आम्ही दार उघडलं तेव्हा बाप आपल्या पायांनी बाहेर आला, चुन्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा. फक्त उजव्या मनगटाभोवती चार बोटं रुंद कातडी स्वच्छ होती.

"बाबा," म्हणून मी त्याचा दंड धरायला गेलो. माझं बोट पोहोचायच्या आधीच निळी ठिणगी आली, बोटाएवढी लांब, आणि माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. वायरमनकाकांनी धरलं, ते दोन पावलं मागे फेकले गेले.

"कोरडी हवा आहे," ते भिंतीला धरून म्हणाले. "पट्टीला हात लाव रे."

बापाने तांब्याच्या पट्टीला हात लावला. काहीच झालं नाही. वीज उतरली नाही. बुटांच्या खोलीत एक पाटी असते, तिच्यावर उभं राहिलं की अंगातली वीज जमिनीत जातेय का ते दिवा सांगतो. बाप उभा राहिला. लाल. बूट बदलले. लाल. बूट काढून, फरशीवर पाणी ओतून, अनवाणी उभा केला. लाल. वायरमनकाकांनी त्याच पाटीवर मला उभं केलं. हिरवा.

त्याच आठवड्यात बापाने दोन पानं लिहून दिली. मला दाखवली नाहीत, पण पोस्टर उतरलं आणि तिथे एक चौकोनी, कमी मळका डाग राहिला. हळूची बायको एकदा कारखान्यात येऊन गेली म्हणे. वायरमनकाकांनी आजारपणाची रजा घेतली आणि पुढे आलेच नाहीत. नवीन पिपांच्या कडेला आता रंग देत नाहीत.

दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिल्याने नाडी बघायला हात पुढे केला आणि हात झटकत म्हणाला, स्वेटर काढून या. बापाने स्वेटर घातलेला नव्हता. दुसऱ्याने दुरूनच प्रश्न विचारले आणि दुरूनच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी अजूनही कारणं शोधतो. कातडी कोरडी पडली असेल. घरातली फरशी बदलली त्याचं काही असेल. पण थंडी गेली, पावसाळ्यात हवा इतकी दमट झाली की डब्यातलं मीठ पाझरायला लागलं, आणि तेव्हाही एकदा आई त्याच्या हातात पेला द्यायला गेली तर पेला फुटला. आई आता पेला टेबलावर ठेवते आणि दोन पावलं मागे येते. झोपते माझ्या खोलीत. रात्री तिला झोप लागली नाही की ती विचारते, "तिकडे कसला रे आवाज येतोय?" मी म्हणतो, उंदीर असेल. पलंग लोखंडी आहे, रंग दिलेला. सकाळी बघितलं तर उशाकडच्या कडेवर दोन ओरखडे असतात. रोज नवे, शेजारी शेजारी, नीट.

परवा बाप घोंगडीवर पाय न घासता, सरळ चालत माझ्या दारापर्यंत आला. एक बोट पुढे केलं, नाकाच्या उंचीवर. मी खुर्ची मागे सरकवली. तो हात खाली घेऊन परत गेला.

अकरा महिने झाले. माझ्या बापाला कुणीही हात लावलेला नाही. मीही नाही.